कारभारीच्या हॉटेलातलं जग

काष्टीच्या एस.टी. स्टँडासमोर कारभारीचं हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे काय, तर चार बाकडी, एक भट्टी, काचेच्या कपाटात कालची भजी, आणि त्या कपाटावर मखमलीचं कापड पांघरून बसवलेला रेडिओ. घरातल्या देवाला कारभारीनं जन्मात एवढं भारी कापड घातलं नव्हतं. त्या रेडिओखाली बसून गावातली शहाणी माणसं रोज जग चालवायची.

अमेरिकेनं आरमार कुठं न्यावं, रशियानं किती विमानं द्यावीत, कोणत्या नटीनं कोणत्या नटाशी लग्न करायला नको होतं, हे सगळं इथं ठरायचं. गावातली पाण्याची विहीर आटली तेव्हा मात्र ह्यांतल्या एकानंही तोंड उघडलं नाही, कारण ती कोणी आटवली ते सगळ्यांना ठाऊक होतं. वरच्या अंगाला इंजिन कोणाचं बसलंय ते दिसत होतं. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष काष्टीला येऊन कोणाची गचांडी धरणार नव्हता, म्हणून त्याला शिव्या देणं परवडायचं.

गोजरबाई त्या हॉटेलच्या पायरीवर बसायची. आत नाही. बाईमाणूस हॉटेलात जात नसे. नवरा विहिरीची दरड अंगावर येऊन मेला त्याला बारा वर्षं झाली होती. पोटाला एकच पोरगा, बन्सी, आणि तो लष्करात. एकाहत्तरच्या डिसेंबरातली पाकिस्तानशी लढाई संपून महिना झाला, बन्सीचं पत्र नव्हतं. गावाला एवढंच माहीत होतं.

गावाला माहीत नव्हतं ते असं. बन्सीची शाळा तिसरीतच सुटली होती, आणि नगरला भरती निघाली तेव्हा सातवी पासाचा दाखला मागत होते. बन्सीचा चुलता आबासाहेब शेलार, त्याचा मुलगा राधाकृष्ण सातवी पास. दोघं पोरं एका वर्षाची, एका अंगाची. आबासाहेबानं पेटीतून राधाकृष्णाचा दाखला काढला आणि पुतण्याच्या हातात ठेवला. "जा. नाव काय, सदऱ्यावाणी हाय. घातलं काय, काढलं काय." असे दाखले तेव्हा पुष्कळ घरांतून फिरायचे. आबासाहेबाला पुतण्याची कणव आली होती असं कोणी समजू नये. भावाच्या वाट्याची जमीन बिनबोभाट कसायची होती, आणि वारस सरहद्दीवर गेलेला बरा.

तेव्हा लष्कराच्या कागदावर बन्सी नव्हताच. तिथं होता राधाकृष्ण आबासाहेब शेलार, आई रतनबाई. डिसेंबर संपता संपता तार आली ती आबासाहेबाच्या नावानं. तुमचा मुलगा बेपत्ता. तार आली तेव्हा आबासाहेबाचा मुलगा ओसरीवर बसून भाकरी मोडत होता.

आबासाहेबानं संध्याकाळी गोजरबाईला बोलावलं. "वैनी, बन्सीचा ठाव न्हाई म्हणत्यात. रडायचं तर घरात रडा. ह्यातलं एक अक्षर भाईर गेलं तर बन्सी आला तरी बेड्याच घालत्याल. आन् माज्या राधाकृष्णाची कारखान्यावरची कारकुनी जाईल. त्यानं त्याच दाखल्याची दुसरी प्रत लावलीय."

"भावजी, पर बन्सी..."

"आदी जितं हाय त्येचं बघू."

गोजरबाई गप्प राहायला शिकलेली बाई होती. दिवसा ती सडकेच्या कामावर खडी फोडायला जायची. एकदा पाणी घेऊन स्टँडावरनं येताना तिच्या कानावर आप्पासाहेबाचं बोलणं पडलं. आप्पासाहेब म्हणजे दर आठवड्याला नगरला जाऊन शिनेमा बघणारा आणि गावाला येऊन तो पुन्हा सांगणारा माणूस. तो म्हणत होता, "रेडिओवर लाहोर स्टेशन रोज दिवेलागणीला आपल्या कैद्यांची नावं वाचतंय. बापाच्या, गावाच्या नावासकट. सगळ्या थापा, पण वाचणारा कसला खणखणीत आवाजाचा हाय! शिनेमात घेतला पायजे त्येला."

त्या दिवसापासून ती पायरीवर बसायला लागली.

पहिल्या दिवशी वाद झाला. "दुश्मनाचं स्टेशन गावात लावायचं न्हाई," आप्पासाहेब म्हणाला. कालपर्यंत तो तेच ऐकत होता, पण बाई मागतेय म्हटल्यावर त्याला देश आठवला. कारभारी मनाचा वाईट नव्हता, फक्त भित्रा होता. तो म्हणाला, "धा मिनिटाचा तर कारेक्रम. रांडमुंड बाईचं एकुलतं एक पोरगं हाय. ऐकू द्या." मग विष्णुपंतांकडं सगळ्यांनी पाहिलं. विष्णुपंत म्हणजे गावचे निवृत्त मास्तर. हॉटेलात जगाचा निकाल तेच द्यायचे. त्यांनी उपरणं सारखं केलं आणि निकाल दिला. "शत्रू काय बोलतो हे ऐकणं राजनीतीत बसतं. लाव."

रोज दहा-वीस नावं. नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, जिल्हा. पंजाबातली, राजस्थानातली, मधूनच एखादं सातारकडचं. आत ह्यांचं चालूच असायचं.

"मी सांगतो, ते अमेरिकेचं सातवं आरमार आलंच नव्हतं. नुसता फोटो होता," विष्णुपंत.

"फोटो कसा वो मास्तर? पेप्रात बोटी दिसत हुत्या."

"अरे, शिनेमात आग लागते ती खरी असते का?"

"गपा की रं बाबांनो, ऐकू द्या की," गोजरबाई पायरीवरनं कळवळून म्हणायची.

"गोजरबाई, बन्सीचं नाव आलं तर आमी काय बहिरे हाय का? बन्सी म्हटला की हाळी देतो तुमाला."

हीच तर पंचाईत होती. ती ज्या नावाची वाट बघत होती ते नाव हे लोक ओळखणार नव्हते, आणि तिला सांगता येत नव्हतं.

अठरा दिवस ती वेळेवर आली. एकोणिसाव्या दिवशी मुकादमानं खडीच्या ढिगाचं माप उशिरा घेतलं. ती हातातला हातोडा टाकायचंही विसरून पळत स्टँडावर आली, तर हॉटेलात हसण्याचा नुसता कालवा. आप्पासाहेब मांडीवर थापा मारत होता.

"या या गोजरबाई! आज खेळ चुकला तुमचा."

"काय झालं? नाव आलं का काय?"

"आलं की! पाकिस्ताननं आपला राधाकृष्ण धरलाय! राधाकृष्ण आबासाहेब शेलार, काष्टी, जिल्हा अहमदनगर. आन् ह्यो बघा कैदी, माज्याच पैशाचा च्या पितोय!"

बाकड्यावर राधाकृष्ण बसला होता. त्याच्या हातातली बशी कलली होती आणि चहा त्याच्या धोतरावर सांडत होता, त्याला भान नव्हतं. त्यानं गोजरबाईकडं पाहिलं आणि लगेच मान खाली घातली.

बन्सी जिवंत होता. ती मटकन पायरीवर बसली. तिला मोठ्यानं रडायचं होतं, कारभारीच्या रेडिओच्या पाया पडायचं होतं. तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला.

"बघा, बाईला बी हसू आवरंना," आप्पासाहेब म्हणाला.

विष्णुपंत मात्र हसत नव्हते. ते विचारात पडले होते, आणि विष्णुपंत विचारात पडले की गावाचं काही ना काही वाटोळं व्हायचं. "हसण्यावारी नेऊ नका," ते म्हणाले. "आज मला ह्या पाकिस्तानवाल्यांचं गुपित कळलं. ह्यांनी आपल्या मतदारयाद्या मिळवल्यात. हल्ली अमेरिकेत कॉम्प्युटर नावाचं यंत्र असतं. खोलीएवढं. एका बाजूनं यादी घालायची, दुसऱ्या बाजूनं नावं बाहेर. त्यातनं पाहिजे तेवढे कैदी तयार करायचे आणि जगाला सांगायचं, बघा आम्ही किती धरले. हे यंत्र अमेरिकेनं त्यांना दिलेलं आहे."

"यंत्रानं मानसं तयार करत्यात व्हय?"

"माणसं नाही रे, नावं. नावाला काय लागतं? मी उद्याच वर्तमानपत्राला पत्र लिहितो. पुरावा आपल्यासमोर चहा पितोय."

राधाकृष्ण उठून गेला.

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी गोजरबाई दिराच्या दारात उभी राहिली. आबासाहेब दात घासत होता. त्यानं चूळ भरली, थुंकला, आणि तिला बोलूच दिलं नाही. "मला सगळं कळलंय. बन्सी जितं हाय, झालं की. लढाई संपली, आज ना उद्या सोडत्यालच. तवर तोंड शिवून बसा."

"पर मास्तर लिवनार हायेत. राधाकृष्ण गावात हाय म्हनून छापलं तर माज्या लेकराला कोन वळखंल?"

"मग मास्तरास्नी सांगा. माजं नाव मातर घेऊ नका."

ती मास्तरांकडं गेली. तिला ती पायरी चढणं सोपं नव्हतं. तिसरीत असताना बन्सीचा पाढा चुकला म्हणून ह्याच मास्तरांनी रूळ फेकून मारला होता. डावी भुवई फाटली. पोरगं रक्तानं न्हालं आणि पुन्हा शाळेत गेलं नाही. एवढं असूनही ती गेली, उंबऱ्याबाहेर बसली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. दाखला, भरती, तार, सगळं.

विष्णुपंतांच्या समोर पाकीट पडलं होतं. पत्ता लिहून झालेला, तिकीट अजून लावायचं होतं. त्यांनी ते पालथं घातलं.

"गोजरबाई, हा गुन्हा आहे. सरकारची फसवणूक."

"व्हय मास्तर. पर तुमी ते पत्र टाकू नका. तुमच्या पाया पडते."

"बरं. बघतो मी."

शाळामास्तरानं 'बघतो' म्हटलं म्हणून ती निवांत झाली. अडाणी माणसाची हीच खोड. त्याला वाटतं, शिकलेल्याला खरं कळलं की तो खोटं लिहिणार नाही.

पाचव्या दिवशी वर्तमानपत्र कारभारीच्या भिंतीवर चिकटवलेलं होतं. 'शत्रूच्या यंत्राचे बिंग फुटले'. खाली विष्णुपंतांचं नाव, ठळक. पस्तीस वर्षं नोकरी केली, पण नाव छापून आलं ते पहिल्यांदा. त्या मोहापुढं एक बन्सी काय, दहा बन्सी कमीच पडले असते. आप्पासाहेबानं सगळ्यांना चहा पाजला. गोजरबाईला वाचता येत नव्हतं. तिनं कारभारीला विचारलं, "काय लिवलंय?" त्यानं सांगितलं. तिनं मान हलवली आणि खडी फोडायला गेली. त्या दिवसापासून हॉटेलात लाहोर स्टेशन बंद झालं. खोटं ठरलेलं कशाला ऐकायचं?

पाऊस आलाच नाही. वर्ष तसंच कोरडं ठणठणीत गेलं. हॉटेलात मात्र कशाचा दुष्काळ नव्हता. अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष चीनला जाऊन आला, त्यावर दोन महिने गेले. सिमल्याचा करार झाला, तो विष्णुपंतांना मान्य नव्हता. मुंबईला टेलिव्हिजन सुरू झाला. आप्पासाहेब म्हणाला, आता घरबसल्या नट्या दिसतील, बायकोला कुठं पाठवायची तेवढं ठरवा. गोजरबाईच्या तळहातांना घट्टे पडले, ते फुटले, पुन्हा पडले.

डिसेंबरात, बाजाराच्या दिवशी, दुपारच्या गाडीनं एक हवालदार उतरला. नगरजवळच्या भिंगारच्या छावणीतनं आला होता, पण बोली सोलापूरकडची. ग्रामपंचायतीला कुलूप होतं, म्हणून लोकांनी त्याला हॉटेलात आणला. सगळे हजर होतेच. आबासाहेबही बाजाराला आलेला, कोपऱ्यात बसला होता. हवालदारानं पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि पिशवीतनं एक फोटो काढून टेबलावर ठेवला.

"पहिल्या तारखेला कैदी परत आले. हा त्यातला. डोक्याला मार लागलाय, बोलत नाही काही. नाव विचारलं तर नुसता बघतो. कागदावर राधाकृष्ण आबासाहेब शेलार, काष्टी. पण तुमच्याच गावचं पत्र पेपरात आलेलं, राधाकृष्ण गावात आहे म्हणून. ते साहेबांच्या फायलीला लागलंय. मग हा कोण, सांगा. दोन पंचांनी ओळखून सही केली की घरच्यांना बोलावून हवाली करू."

"आन् न्हाई वळखला तर?" कारभारीनं विचारलं.

"तर कुठंतरी वेड्यांच्या इस्पितळात घालतील. ठेवायचा किती दिवस?"

फोटो हातोहात फिरला. डोकं भादरलेलं, गाल बसलेले, डावी भुवई मधोमध तुटलेली. त्या भुवईजवळ प्रत्येकाचं बोट क्षणभर थांबलं आणि फोटो पुढं गेला. विष्णुपंतांच्या हातात तो सगळ्यांत जास्त वेळ राहिला.

तेवढ्यात गोजरबाई आली. कामावर कोणी तरी सांगितलं होतं, लष्कराचा माणूस आलाय. ती पायरीशी थांबली नाही. जन्मात पहिल्यांदा ती कारभारीच्या हॉटेलात आत आली, विष्णुपंतांच्या हातातनं फोटो घेतला आणि छातीशी धरला.

"ह्यो माजा बन्सी. माज्या पोटचा हाय."

हवालदार उठून उभा राहिला. "आई, तुमचं खरं असंल. पण कागदात आईचं नाव रतनबाई आहे. तुमचं नाव कुठंच नाही. गावातल्या दोघांनी सही करू द्या, मी आज रात्रीत साहेबांपुढं ठेवतो."

"दाखल्याचं काय?" आबासाहेबानं कोपऱ्यातनं विचारलं. आवाज साधा होता. "म्हंजे दुसऱ्याच्या नावानं भरती झाला आसंल, तर चौकशी व्हईल ना? दाखला ज्येचा त्येची बी?"

"होईल की. ते माझ्या हातात नाही."

आबासाहेब आणखी काही बोलला नाही. त्याची गरज नव्हती. कारभारीच्या हॉटेलाची जागा त्याच्या मालकीची होती. आप्पासाहेबाच्या उसाला तो आपल्या इंजिनाचं पाणी द्यायचा, त्याच इंजिनाचं ज्यानं गावची विहीर आटली. आणि मास्तरांचं पत्र भिंतीवर अजून चिकटलेलं होतं, कडा पिवळ्या पडलेल्या.

"बोला की," गोजरबाई म्हणाली. "आप्पासाब, तुमी त्येला खांद्यावर घिऊन जत्रा दावलीय."

आप्पासाहेबानं फोटो वाकून पाहिला. "जपानी कॅमेऱ्याचा दिसतोय फोटो. जपानी माल दिसायला झ्याक, पर मानूस हाय तसा येत न्हाई त्यात. चेहरा बदलतोय."

"कारभारी?"

"मला चष्मा लागलाय गोजराक्का. लांबचं दिसत न्हाई."

"लांब कुटं हाय? तुज्या हातात हुता आत्ता."

कारभारी भट्टीत फुंकायला लागला.

"मास्तर," ती म्हणाली. फोटो त्यांच्यासमोर धरून भुवईवर अंगठा ठेवला.

विष्णुपंतांनी उपरणं सारखं केलं. "असं आहे हवालदार, एका भुवईवरून ओळख ठरवणं शास्त्रीय नाही. परदेशात आता रक्तावरून ओळख पटवण्याचे प्रयोग चालू आहेत. आपल्याकडं अजून ते आलेलं नाही. मी अंदाजानं सही करणं बरं दिसणार नाही."

हवालदारानं सगळ्यांकडं एकदा पाहिलं. त्यानं पुष्कळ गावं पाहिली असावीत. कारभारीनं रेडिओचा कान पिळला. बातम्या चालू होत्या. अमेरिकेची दोन माणसं चंद्रावर उतरली होती. गाडीत बसून हिंडत होती म्हणे.

"निस्ती खडी हाय म्हनत्यात तितं," आप्पासाहेब पटकन म्हणाला. त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

"खडी नाही, खनिज. आणि त्यांच्याजवळ अशी दुर्बीण आहे की तिथनं आपल्या हातातलं घड्याळ दिसेल."

"मग आपलं हॉटेल बी दिसत आसंल त्येंला."

कोणी तरी हसलं. मग सगळेच बोलायला लागले.

बाहेर नगरच्या गाडीनं भोंगा दिला. हवालदार कागद गोळा करायला लागला, तशी गोजरबाईनं त्याचा हात धरला. "कुटं करायची सही, दावा."

त्यानं दाखवलं. कागदाच्या तळाशी दोन ओळी होत्या, पंच एक आणि पंच दोन. त्यानं शाईची डबी उघडून दिली. तिचा अंगठा दगडानं सोलून निघालेला होता, त्याच्यावर रेघा कमी आणि चिरा जास्त. तिनं पहिल्या ओळीवर तो दाबून धरला. मग पुन्हा शाईत बुडवला आणि दुसऱ्या ओळीवर दाबला.

"आई, हे दोन्ही एकाच माणसाचे झाले. चालायचं नाही हे."

"मला दिसतंय," गोजरबाई म्हणाली. "दुसरं मानूस आणू कुटनं? गावात न्हाईच."

हवालदारानं शाई वाळायच्या आत कागदाची घडी घातली. फोटो मात्र मागून घेतला, सरकारी होता. गाडी निघाली तेव्हा ती स्टँडावर उभी होती, निळा अंगठा मुठीत धरून. पाठीमागं हॉटेलात चंद्रावर पाणी आहे की नाही ह्यावर जोरात वाद चालला होता, आणि आबासाहेबही आता त्यात बोलत होता.